अकरा गाठींची बस

एकतीस वर्षं मी चौदा नंबरची बस चालवली,
डोंगरातल्या वरच्या वस्तीपासून
खाली पुलापलीकडच्या शाळेपर्यंत.
मग नगरपालिकेत कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली:
दीड किलोमीटर. एवढं तर पोरं चालतील.
आम्हा दोघांनाही एकाच आठवड्यात निरोप,
मला भिंतीवरचं घड्याळ,
बसला उदिनेच्या भंगारवाल्याची वाट.

आता माझ्याकडे दोर आहे.
लाकडं ओढायचा, जुना, अकरा गाठी मारलेला,
गाठीगाठीला एक पोर.
थांबे तेच. निळ्या पाट्या मीच रंगवल्या:
सात बेचाळीस, बेकरी.
सात एकोणपन्नास, सान रोक्कोचं चॅपेल.
एकोणपन्नास म्हणजे एकोणपन्नास.
लुदोविकाची आई हातात कंगवा घेऊन धावत येते,
मी थांबत नाही.
बरं, थांबतो. पण घड्याळाकडे बघत थांबतो.

"पुढे सरका," मी म्हणतो,
अख्खा रस्ता मोकळा असताना.
जेनो तिकीट म्हणून रोज एक चेस्टनट देतो,
बहुतेक किडका.
परतीचंही त्यातच धरा, म्हणतो.

खरं सांगू? एकतीस वर्षं मी पोरांना
आरशात पाहिलं. कपाळं, टोप्या,
काचेवर वाफेत काढलेली चित्रं.
हात कुणाचाच ओळखत नव्हतो.
आता आरसा नाही. मी पुढे, ती मागे,
आणि मान वळवली की पाय बर्फावर घसरतो,
म्हणून दोरावरूनच ओळखायला शिकलो.
हिसका बसला तर जेनो, काहीतरी उचलायला वाकला.
दोर ढिला पडला तर दोरियाना, मैत्रिणीशी गुपित चाललंय.
सरळ, जड, न बोलता ओढणारा अमादू,
दोन वर्षांपूर्वी डाकारहून आलेला.
पहिल्या थंडीत त्यानं विचारलं होतं,
हा पांढरा रस्ता रोज नवा घालतात का?
मी म्हटलं, हो, रात्री. नगरपालिका.
एवढं तरी श्रेय त्यांना द्यावं.

मागून गाडी येते. राखाडी, उंच,
गल्लीच्या भिंतींना आरसे घासतील एवढी रुंद.
लाकडाच्या वखारीचा एन्निओ.
माझ्याच बसच्या मागच्या सीटवर
यानं चाकूनं नाव कोरलं होतं.
काचेआड त्याची नीवेस, पट्ट्यानं बांधलेली.
तो हॉर्न वाजवतो.
मी रस्त्याच्या मधून चालतो.
पूर्वी इथे चौदा नंबरला कुणी ओलांडत नसे.
आताही नाही.

नोव्हेंबरभर हे असंच.
मग एका मंगळवारी, चॅपेलच्या पुढे,
दोराला एक ओढ लागली जी मला ठाऊक नव्हती.
हलकी, मागे रेंगाळणारी,
शेवटच्या गाठीच्याही पलीकडून,
जिथे नुसतं सुटं टोक लोंबतं.
पोरं हसत होती. हॉर्न वाजत नव्हता.
मी मान वळवली.
काच खाली. लाल हातमोजा बाहेर.
मुठीत दोराचं टोक.
आणि एन्निओ, पहिल्या गिअरमध्ये, पोरांच्या पावलानं,
स्टिअरिंगवर हनुवटी टेकून,
वखार उघडायला उशीर झालेला,
इंजिन तापल्याचा वास गल्लीभर.

हे नियमात बसत नाही.
चालत्या गाडीतून हात बाहेर काढणाऱ्या
कितीकांना मी दटावलंय,
त्यात हा एन्निओही होता.
शिट्टी तोंडाशी नेली.
तेवढ्यात वळण आलं, आणि वळणावर मी
सवयीनं उजवा पाय जमिनीत दाबला.
अकरा पोरं थांबली.
गाडीही.

शाळेच्या फाटकाशी दोर गुंडाळताना
मी ते टोक मोजलं.
गाठ मारली तर धरायला काही उरत नाही.
घरी कपडे वाळत घालायची दोरी आहे, जोडता येईल.
बायको विचारेल.

रिकामी बस वर नेतो.
थांब्यांवर थांबतो.
खिशात तिकीट आहे, किडकं.